हिवाळ्याची पहाट आणि सायकलचा टायर

बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे तहसिलीचे गाव महाराष्ट्राच्या सीमेपासून फारसे दूर नाही. जबलपूर जिल्ह्यातही याच नावाचे एक गाव आहे, ते निराळे. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु त्या रेषेने धानाच्या बांध्या हलविल्या नाहीत, सोयरिकी तोडल्या नाहीत आणि माणसांची बोलीही पुसली नाही. मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी या भाषा येथल्या बाजारात आजही एकमेकींच्या शेजारी बसतात. आणि त्या साऱ्या बोलणारांना हिवाळ्याच्या पहाटे एक गोष्ट समान असते : थंड पडलेली सायकल अंगणातून बाहेर काढणे.

पौष महिन्यात येथे सूर्य पावणेसात वाजून गेल्यावर उगवतो. त्याच्या आधीच कित्येकांना घर सोडावे लागते. तिरोडीकडच्या मॅंगनीजच्या खाणींत पहिल्या पाळीला जाणारा मजूर, दुधाचे कॅन कॅरियरला अडकवून निघालेला गवळी, भाजीची टोपली घेऊन बाजार गाठणारा माळी, दूरच्या खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुली, या सर्वांची गाठ धुक्याशी, दवाशी आणि अंधाराशी असते. मोटारसायकली वाढल्या आहेत हे खरे. तथापि ज्याच्या घरी पेट्रोलचा खर्च पेलण्यासारखा नाही आणि ज्या मुलीचे वयच मोटारसायकल चालविण्याचे नाही, तिच्यासाठी सायकल हेच वाहन होय. मजुराची हजेरी चुकली तर त्या दिवसाची रोजी बुडते. मुलीची परीक्षेची वेळ चुकली तर वर्षाचे नुकसान होते. आणि हे चुकणे बहुधा टायरपाशी घडते. सायकलची चौकट वीस वर्षे टिकते, साखळी तेल घातले की चालते. परंतु जमिनीला स्पर्श करणारी तळहाताएवढीही नसलेली रबराची जागा दगा देते, आणि ती थंडीत अधिक देते.

हिवाळ्यातील सायकलचा टायर म्हटले की परदेशी जाहिरातींतील लोखंडी खिळ्यांचे टायर काहींच्या डोळ्यांपुढे येतात. फिनलंडमधील औलू या शहरात बर्फ पडलेले असतानाही लोक सायकलने कामावर जातात, आणि तेथल्या टायरमध्ये अतिशय कठीण धातूचे बारीक खिळे बसविलेले असतात. ते गोठलेल्या बर्फात रुततात आणि चाक घसरू देत नाहीत. तेथील रबरही निराळे असते. रबर फार थंड झाले की ते ताठर बनते आणि रस्त्याला धरीत नाही. म्हणून शून्याखालच्या थंडीतही मऊ राहील असे मिश्रण वापरावे लागते. कटंगीच्या हिवाळ्यात थर्मामीटरचा पारा पहाटे आठ-दहा अंशांच्या आसपास उतरतो. माणसाला ही थंडी हुडहुडी भरविणारी असली तरी रबराच्या दृष्टीने ती थंडीच नव्हे. साध्या रबराला ताठर करावयास याहून कितीतरी खालचे तापमान लागते. तेव्हा 'विंटर टायर' या नावाने कोणी महागाचा माल गळ्यात मारू लागला तर तो नाकारण्यास हरकत नाही. खिळ्यांचा टायर आपल्या डांबरी रस्त्यावर चालविला तर खिळे झिजतील, आवाज होईल आणि पायाला फुकटचा भार पडेल.

याचा अर्थ येथल्या हिवाळ्याला स्वतःच्या खोड्या नाहीत असा मात्र नाही. पहिली खोडी हवेची. बंद ट्यूबमधील हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो, हा शाळेत शिकविला जाणारा नियम आहे. दुपारी अठ्ठावीस अंश तापमान असताना एखाद्याने दुकानात चाळीस पौंड हवा भरून घेतली असे धरू. तीच सायकल रात्रभर अंगणात राहिली आणि पहाटे पारा आठ अंशांवर आला, तर एक थेंबही हवा बाहेर न जाता दाब साडेतीन पौंडांनी उतरतो. त्यात ट्यूबमधून नित्य झिरपणारी हवा मिळविली म्हणजे तीन-चार दिवसांत टायर चांगलाच ढिला पडतो. बोटाने दाबून पाहण्याची पद्धत दुपारी ठीक असते. पहाटे गारठलेल्या अंगठ्याला टायर आहे त्यापेक्षा कडक भासतो. म्हणून हिवाळ्यात हवा दुपारी पाहण्यापेक्षा निघण्यापूर्वी पाहावी हे बरे. घरी एक हातपंप असणे ही चैन नसून सोय आहे.

हवा कमी असल्याने काय बिघडते असे कोणी विचारील. टायर ढिला असला की तो जमिनीवर अधिक पसरतो आणि प्रत्येक फेऱ्यात रबर अधिक मुडपते. त्या मुडपण्यात पायाची शक्ती खर्च होते. परंतु त्याहून मोठा तोटा निराळाच आहे. रस्त्याच्या तुटक्या डांबराच्या कडेवर किंवा रेल्वेच्या फाटकातील रुळावर ढिला टायर आदळला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला जवळजवळ दोन छिद्रे पडतात. साप चावल्यासारख्या या जोडछिद्रांवरून जाणता कारागीर लगेच ओळखतो की काटा लागला नाही, हवा कमी होती. उलट अतोनात हवा भरणेही शहाणपणाचे नाही. दगडासारखा फुगविलेला टायर खडबडीत वाटेवर उड्या मारतो आणि दवाने ओल्या झालेल्या जागी त्याची पकड कमी पडते. टायरच्या बाजूवर दाबाचा आकडा कोरलेला असतो. तो कमाल समजावा. पुढच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून त्यात थोडी कमी हवा चालते. मागे पोते किंवा मूल बसवावयाचे असेल तर मागची हवा वाढवावी लागते.

दुसरी खोडी काट्यांची, आणि या प्रदेशात खरा प्रश्न हाच होय. पावसाळ्यात रस्ते भिजलेले असतात, काटे मऊ असतात, मातीत दबून जातात. दिवाळी उलटली, धान कापले गेले, की चित्र पालटते. खळ्याभोवती आणि रब्बीच्या तुकड्याभोवती जनावरे शिरू नयेत म्हणून शेतकरी बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात. त्या फांद्या बंडीवरून ओढत नेल्या जातात आणि वाटेवर त्यांचे वाळलेले काटे सांडत जातात. पांदणीने जाणाराला ते दिसत नाहीत, कारण वर धूळ किंवा तणसाचा थर असतो. बाभळीचा पांढरट काटा सरळ, लांब आणि कठीण. तो टायरचे रबर, आतील कापड आणि ट्यूब या तिघांनाही एका दमात भेदतो. शिवाय त्याचे टोक आतच मोडून राहते. पंक्चर काढून ट्यूब परत बसविली आणि टायरच्या आतून बोटे फिरवून ते टोक शोधले नाही, तर अर्ध्या मैलावर पुन्हा तोच प्रसंग ओढवतो. घाईत असलेला कारागीर हेच चुकवितो. गिऱ्हाइकाने शेजारी उभे राहून 'भाऊ, आतून एकदा हात फिरवा' एवढे म्हणावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

बाभळीपेक्षाही कपटी असा एक काटा आहे. त्याला सराटा किंवा गोखरू म्हणतात. ही जमिनीलगत पसरणारी वनस्पती पावसाळ्यात पिवळी फुले धरते आणि हिवाळ्यापर्यंत तिची फळे वाळून टणक होतात. फळ फुटले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दोन मोठे काटे असतात. ते अशा रीतीने रोवलेले असतात की तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. वनस्पतीच्या दृष्टीने ही योजना जनावरांच्या खुरांना चिकटून दूर जाण्याची आहे. सायकल तिच्या हिशेबात नव्हती, परंतु ती आयतीच सापडली. अमेरिकेच्या पश्चिम भागात ही वनस्पती जाऊन पोहोचली तेव्हा तेथील लोकांनी तिला पंक्चरची वेल असेच नाव दिले. आपल्याकडे वैद्यांनी मात्र तिला गोक्षुर म्हणून दशमुळात मानाचे स्थान दिलेले आहे. एकच वस्तू एकाच्या काढ्यात आणि दुसऱ्याच्या टायरमध्ये!

या काट्यांपासून बचाव करावयाचा तर टायरचा मधला भाग, म्हणजे जमिनीवर टेकणारा भाग, जाड असला पाहिजे. दुकानात टायर हातात घेतल्यावर पुष्कळ लोक केवळ वरची नक्षी पाहतात. त्याऐवजी टायर आतून उलटा करून पाहावा, मधला भाग दोन बोटांत धरून दाबावा आणि बाजूच्या पातळ भागाशी तुलना करावी. मध्ये भरपूर रबर आणि बाजूला लवचिकपणा, ही चांगल्या टायरची खूण. कापडाचे धागे उघडे पडलेले, काठाची तार वाकडी झालेली किंवा रबर पांढुरके दिसत असेल तर तो माल बराच काळ पडून राहिलेला समजावा. सायकल व रिक्षा यांच्या टायरसाठी आय. एस. २४१४ असे भारतीय मानक आहे. त्या खुणेचा माल मिळत असताना निनावी टायर दहा-वीस रुपयांच्या लोभाने घेणे हे मजुराला तरी परवडणारे नाही. वाचलेले पैसे दोन पंक्चरांत जातात.

खेड्यापाड्यांत काट्यांवर एक जुना उपाय चालत आलेला आहे. गोटा झालेल्या जुन्या टायरचे दोन्ही तारेचे काठ कापून टाकावयाचे आणि राहिलेला पट्टा नव्या टायरच्या आत ट्यूबभोवती बसवावयाचा. काटा दोन टायर भेदून आत येईपर्यंत त्याचे बळ संपते. उपाय गुणकारी आहे, परंतु त्याची किंमतही ध्यानात घ्यावी. चाक जड होते, पायाला ते जाणवते, आणि कापलेली कड तीक्ष्ण राहिली तर तीच ट्यूबला घासून भोक पाडते. कड तासून तिरपी केली आणि वर जुन्या ट्यूबची पट्टी घातली तर हा दोष बराच जातो. आता बाजारात जाड ट्यूब मिळतात, आत घालावयाच्या तयार पट्ट्या मिळतात, आणि ट्यूबमध्ये ओतावयाचे एक पातळ द्रव्यही मिळते, जे छिद्र पडताच तेथे धावून जाऊन गोठते. शहरात हौसेने सायकल चालविणारे ते वापरतात. सराट्याच्या बारीक छिद्रांवर ते चालते; बाभळीच्या मोठ्या काट्याने पडलेल्या भोकावर त्याची फारशी मात्रा चालत नाही. पांदणीने रोज जाणाराला जाड मध्यभागाचा टायर आणि जाड ट्यूब ही जोडीच हितकर.

हिवाळ्यात पंक्चर काढण्याचीही एक खबरदारी आहे. सोल्युशन लावल्यावर ते कोरडे होऊ द्यावे लागते, तेव्हाच पॅच धरतो. थंड आणि दमट पहाटे ते सुकावयास अधिक वेळ लागतो, आणि ट्यूबवर दवाचा थेंब राहिला असेल तर पॅच दुपारपर्यंत सुटतो. पहाटे रस्त्यावर बसून घाईने लावलेल्या पॅचपेक्षा एक बरी ट्यूब जवळ बाळगणे उपयोगी पडते. ट्यूबच्या तोंडाशी असलेली वॉल्व्हची बारीक रबरी नळी हीदेखील जुनी झाली की हवा सोडू लागते, आणि मनुष्य व्यर्थ काटा शोधीत बसतो. ती नळी नगण्य किमतीची असते. दोन तुकडे खिशात ठेवले तर कोणाचे ओझे वाढत नाही.

टायर निवडताना माप हा एक मोठाच घोळ आहे, आणि त्यावर थोडे विस्ताराने बोलणे इष्ट होय. आपल्याकडे सायकल 'बावीस इंची' म्हणतात ती चौकटीच्या उंचीवरून. चाकाच्या मापाशी तिचा संबंध नसतो. जुन्या घाटाच्या काळ्या सायकलला बहुधा अठ्ठावीस गुणिले दीड इंच हा टायर लागतो. मुलींच्या आणि लहान चौकटीच्या सायकलींना सव्वीसचा टायर असतो. परंतु सव्वीसचे निदान तीन प्रकार प्रचारात आहेत आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. सव्वीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश या टायरच्या काठाचा व्यास ५९० मिलिमीटर, सव्वीस गुणिले दीडचा ५८४ आणि जाड टायरच्या नव्या सायकलींवरील सव्वीस गुणिले १.७५ चा ५५९. गंमत अशी की गणितात दीड आणि १.५ एकच असतात; टायरच्या दुकानात नसतात. सव्वीस गुणिले दीड हा अपूर्णांकात लिहिलेला टायर ५८४ चा, आणि सव्वीस गुणिले १.५ हा दशांशात लिहिलेला टायर ५५९ चा. पंचवीस मिलिमीटरचा फरक पडतो! 'भाऊ, सव्वीसचा टायर द्या' एवढेच सांगून मुलाला दुकानात पाठविले तर तो बहुधा दोनदा खेपा घालील.

५९० आणि ५८४ यांतील फरक मात्र सहाच मिलिमीटरांचा आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. मोठ्या व्यासाचा टायर लहान रिमवर सहज चढतो. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही समाधान पावतात. परंतु तो तेथे घट्ट बसत नाही. हवा पुरती भरली की काठ उसळून बाहेर येतो आणि ट्यूब बंदुकीच्या बारासारखी फुटते. हे पुढच्या चाकात उतारावर घडले तर काय होईल ते सांगावयास नको. यावर उपाय सोपा आहे. आजकालच्या टायरच्या बाजूवर इंचांच्या जोडीला ३७-५९० किंवा ४०-६३५ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा काठाच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरांत. जुन्या टायरवरील दुसरा आकडा कागदावर लिहून न्यावा आणि तोच मागावा. पहिला आकडा थोडा कमी-अधिक चालतो. दुसरा मुळीच नाही.

रुंदीविषयी एक समज फार पसरलेला आहे की टायर जितका बारीक तितका हलका धावतो. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर भरपूर दाबाने फुगविलेला बारीक टायर शोभतो. मुरमाच्या वाटेवर, बंडीच्या चाकांनी पावसाळ्यात पाडलेल्या आणि हिवाळ्यात विटेसारख्या कडक झालेल्या चाकोरीत, तो एक तर अडकतो किंवा आदळतो. सारखाच दाब असेल तर रुंद टायर बारीक टायरपेक्षा कमी मुडपतो, हे प्रयोगांनी दिसून आलेले आहे. आपल्या काळ्या सायकलचा चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर ज्यांनी ठरविला त्यांना खराब रस्ते ठाऊक होते असे दिसते. तो गावंढळ म्हणून टाकून देण्याचे कारण नाही.

लोखंडापासून रबरापर्यंतचा हा प्रवासही फार जुना नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून बसवितो त्या लोखंडी पट्ट्याला आपण धाव म्हणतो. युरोपात पहिल्या सायकलींची चाकेही अशाच लोखंडी धावेची होती आणि त्यांनी स्वाराची हाडे खिळखिळी केली. नंतर भरीव रबर आले. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते, परंतु ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबराची नळी फुगवून ती कापडाने बांधली आणि तीच कल्पना पुन्हा जन्मास आली. पुढे त्याचे पेटंट थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे रद्द ठरले, तरी नाव डनलॉपचेच राहिले. इतके की रबरी चाकांच्या बैलगाडीलाही कित्येक ठिकाणी डनलॉप म्हणू लागले.

आता नक्षीविषयी. मोटारीचा टायर ओल्या रस्त्यावर पाण्याच्या थरावर तरंगू नये म्हणून त्याला खोल चरे पाडावे लागतात. सायकलचा टायर बारीक असतो आणि त्याचा पृष्ठभाग गोलसर असतो; तो पाणी आपोआप बाजूला सारतो. चाळीस पौंड हवेचा टायर पाण्यावर तरंगावयास ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेग लागेल असे गणित सांगते, आणि तो वेग खाणीच्या मजुराला काही साधावयाचा नाही. म्हणून दवाने ओलसर झालेल्या डांबरी रस्त्यावर नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा आणि हवेचा योग्य दाब यांचेच महत्त्व अधिक. नक्षी उपयोगी पडते ती मोकळ्या मातीत, मुरमात, तणसावर. नव्या फॅशनच्या सायकलींना मोठमोठ्या गाठींचे टायर असतात. ते तरुणांना रुबाबदार वाटतात. परंतु डांबरी रस्त्यावर त्या गाठींपुरतेच रबर जमिनीला टेकते, वळणावर त्या दुमडतात आणि सतत घरघर चालू राहते. ज्याची वाट निम्मी डांबरी आणि निम्मी पांदणीची आहे त्याने मध्ये अखंड पट्टा आणि दोन्ही खांद्यांवर खाचा असलेला टायर घ्यावा. सरळ जाताना पट्टा धावतो, मातीत चाक रुतले की खाचा धरतात.

दव पडलेल्या पहाटे दोन जागा विशेष जपण्यासारख्या असतात. एक रेल्वेचे फाटक. ओला रूळ कोणत्याही टायरखाली काचेसारखा असतो. तो तिरपा ओलांडू नये, काटकोनात ओलांडावा, आणि त्या क्षणी ब्रेक दाबू नये. दुसरी, जेथे धानाच्या पेंढ्या मळणीसाठी रस्त्यावरच पसरलेल्या असतात ती जागा. तणस ओले झाले की त्याखाली रस्ताच नसल्यासारखे होते. तेथे उतरून चार पावले चालणे हाच शहाणपणा. पोलादी रिमची सायकल रात्री उघड्यावर राहिली तर रिमही ओली असते आणि ब्रेक पहिल्या काही फेऱ्यांत लागतच नाही. घरातून निघताच ब्रेक हळूच दाबून रिम पुसून घ्यावी.

पुढच्या आणि मागच्या टायरसंबंधी आपल्याकडे एक रूढी पडलेली आहे आणि ती मोडली पाहिजे. मागच्या चाकावर भार अधिक आणि ओढही त्याचीच, म्हणून मागचा टायर लवकर झिजतो. तो झिजला की लोक नवा टायर मागे बसवितात आणि जुना, गोटा झालेला, 'अजून सहा महिने चालेल' म्हणून पुढे घालतात. काटकसर म्हणून हे बरोबर दिसते. पण याचा परिणाम उलटा होतो. मागचे चाक घसरले किंवा फुटले तर स्वार बहुधा सावरतो, पाय टेकतो. पुढचे चाक घसरले तर सावरण्याला अवधीच मिळत नाही, तो तोंडावर पडतो. आणि मागून खनिजाने भरलेला ट्रक येत असेल तर पुढचे बोलवत नाही. म्हणून नवा टायर नेहमी पुढे, आणि पुढचा अर्धा झिजलेला मागे, हा क्रम धरावा. पैसा तितकाच लागतो. दुकानदाराला दोन चाके उघडावी लागतात म्हणून तो थोडी कुरकुर करील एवढेच.

धुक्यात टायरचा आणखी एक उपयोग होतो, आणि तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही टायरच्या बाजूवर प्रकाश परतविणारी पांढरी पट्टी असते. जर्मनीत सायकलच्या चाकांवर बाजूने चमकणारी अशी पट्टी किंवा आऱ्यांना लावावयाचे परावर्तक कायद्यानेच आवश्यक केलेले आहेत. चौकात आडव्या येणाऱ्या वाहनाला मागचा लाल दिवा दिसत नाही. फिरणारी दोन पांढरी वर्तुळे दिसतात. तसा टायर मिळाला नाही तर आऱ्यांना चमकत्या चिकटपट्टीचे तुकडे गुंडाळले तरी काम भागते. जुन्या सायकलींवर अजून डायनामो असेल तर तो टायरच्या बाजूवर घासून वीज उत्पन्न करतो. दवाने ओल्या झालेल्या बाजूवरून तो घसरतो आणि अंधाराच्या वेळीच दिवा मिणमिणतो. अशा सायकलला बाजूवर बारीक खाचांची पट्टी असलेला टायर हवा. ज्याच्यापाशी बॅटरीचा दिवा आहे त्याला ही विवंचना नाही.

मध्य प्रदेश शासन गावात शाळा नसल्याने दुसऱ्या गावी शिकावयास जाणाऱ्या सहावीच्या आणि नववीच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकल देते. ही योजना चांगली आहे. तिने पुष्कळ मुलींची शाळा टिकविली. परंतु सायकल फुकट मिळाली तरी टायर फुकट मिळत नाही. नववीला मिळालेली सायकल दहावीच्या हिवाळ्यात, म्हणजे नेमकी परीक्षेच्या तोंडावर, झिजलेल्या टायरवर चालत असते. घरी त्याविषयी कोणी बोलत नाही, कारण सायकल 'नवीनच' आहे अशी समजूत असते. मुलगीही बोलत नाही. पंक्चर झाले तर ती दोन कोस सायकल ढकलीत आणते आणि उशीर का झाला म्हणून दोन्हीकडे बोलणी खाते. धानाचा पैसा हाती येतो तो याच दिवसांत. त्यातून बैलाची झूल, देणेकऱ्यांचे हप्ते आणि लग्नाचे आहेर यांबरोबर मुलीच्या सायकलचे दोन टायर आणि एक जादा ट्यूब हा खर्च आधी काढून ठेवला तर तो फार मोठा होत नाही.

टायर घेतल्यावर त्याची निगा थोडीच असते, पण ती रोजची असते. सायकल चुलीच्या धगीजवळ किंवा दिवसभर उन्हात ठेवू नये. रबराला भेगा पडतात. साखळी रॉकेलने धुताना टायरवर थेंब गळू देऊ नये, तेलाने रबर फुगते आणि सडते. संध्याकाळी घरी आल्यावर चाक उचलून एक फेरा सावकाश फिरवावा आणि अर्धवट रुतलेले काटे, काचेचे कण, मॅंगनीजचे खडे नखाने किंवा सुईने काढून टाकावेत. बहुतेक काटे एकदम ट्यूबपर्यंत जात नाहीत. ते दोन-तीन दिवस टायरमध्ये बसून प्रत्येक फेऱ्याला थोडे थोडे आत सरकतात, आणि चौथ्या दिवशी पहाटे, गावापासून सर्वांत दूर असताना, पोहोचतात. हे काम घरातील लहान मुलावर सोपवावे. त्याची नजर तीक्ष्ण असते, आणि काढलेले काटे मोजून दाखविण्यात त्याला मौजही वाटते.